वन-वन-एट अपडेट: डाव्या बाजूचं पाणी अखेर सापडलं

माझ्या जुन्या प्रीमियर ११८ एनई गाडीत पावसाचं पाणी कुठून शिरतं ते सापडलं. पुढच्या काचेतून येत नव्हतंच.

मागच्या अपडेटमध्ये पुढची काच उतरवून नवं रबर बसवल्याचं सविस्तर लिहिलं होतं. मृगाच्या सरी आल्या आणि गेल्या, गाडी आतून कोरडी ठणठणीत. कार्पेटसाठी अपहोल्स्टरीवाल्याला माप द्यायचं एवढंच राहिलं होतं. मग आर्द्रा लागली, रात्रभर थांबायचं नाव न घेता कोसळला आणि सकाळी डाव्या सीटसमोरचा, कार्पेटखाली असतो तो नमदा दाबला तर बोटांभोवती पाणी उभं राहिलं. जागा तीच, ग्लोव्हबॉक्सच्या मागून उतरणारी ओलही तीच. इतकी चिडचिड या गाडीने आजवर कधी केली नव्हती.

रबर बदललं ते वाया गेलं असं मात्र मुळीच नाही. जुनं रबर लाकडासारखं कडक झालं होतं, वरच्या डाव्या कोपऱ्यात आखडून धातूपासून सुटलं होतं आणि त्याखाली गंज धरायला लागला होता. ते आज ना उद्या करायचंच होतं. काच बसवताना सुतळी वापरायची की नायलॉनची दोरी, असं काहींनी विचारलंय. नायलॉनच घ्या, गुळगुळीत आणि बारीक. रबराच्या आतल्या खाचेत दोरी सगळीकडून फिरवायची, दोन्ही टोकं खाली मध्यभागी आत सोडायची, खाचेला साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून तळव्याने काच दाबत राहायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मधल्या भागाकडे हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची पाळी आपोआप पत्र्यावर चढते. सुतळी ओली झाली की फुगते आणि कोपऱ्यात अडकते.

आता मूळ दुखण्याकडे. पहिल्यांदा एसीचं पाणी बाद केलं, कारण गाडी बंद उभी असतानाही ओल येते. मग वायपरखालची जाळी. आमच्या कंपाउंडात गाडी सोनमोहराखाली उभी असते आणि मार्चपासून त्या पिवळ्या पाकळ्या आणि बारीक पानं जाळीतून आत पडतात. काऊलमधलं, म्हणजे जाळीखालच्या पोकळीतलं, पाणी बाहेर जायचं भोक त्यांच्या चिखलाने बुजतं आणि हवेच्या वाटेने पाणी आत उतरतं. हे मी मेमध्येच साफ केलं होतं. परत उघडलं, तांब्याभर पाणी ओतलं, खाली इंजिनच्या बाजूला धार लागली. तिथे सगळं चोख.

मग फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) ग्रोमेटं, म्हणजे वायरींच्या भोकांतली रबरं, स्पीडोमीटरची केबल, वायरिंगचा मुख्य जुडगा, एकेक करून सगळं. डॅशबोर्डखाली उताणा पडून, कपाळावर टॉर्च लावून, प्रत्येक भोकाभोवती टाल्कम पावडरचा हात फिरवला. ओघळ आला की पावडरमध्ये रेघ उमटते, हे जुनं आणि खात्रीचं तंत्र आहे. सोसायटीच्या गेटजवळ सपाट जागेत गाडी आणली आणि पाईपने खालून वर भिजवत गेलो. आधी बॉनेटची मागची कड, मग वायपर, मग काचेची खालची बाजू, कोपरे, शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी बराच वेळ थांबत. वरपासून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही, म्हणून खालून. पावडर शेवटपर्यंत कोरडी.

ब्लोअरचाही प्रयोग केला. खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरचं तोंड आत सोडलं, बाकीच्या फटी मास्किंग टेपने बंद केल्या आणि बाहेरून जोडांवर साबणाचा फेस लावला. डाव्या वायपरच्या स्पिंडलपाशी फुगे आले आणि मला वाटलं, मिळालं. तिथली रबरी रिंग खरंच चिरलेली होती. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन त्याच मापाची नायट्राइलची ओ-रिंग आणली. तिथले दुकानदार जुना तुकडा कॅलिपरमध्ये धरून क्षणात जोडीदार काढून देतात. आपल्यासारख्यांनी ऑनलाइन चाचपडण्यापेक्षा एकदा तिथे जावं. रिंग बसली, फुगे थांबले, पुढच्या पावसात नमदा पुन्हा ओला.

काचवाल्याचं मत होतं की काच परत काढून रबराच्या खाली सिलिकॉन भरावं. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्यावर ते लावलं की त्याच्याखालीच गंज सुरू होतो, आणि वर रंगही धरत नाही. पुढे कोणी डेंटिंग-पेंटिंग करायला घेतलं की त्याचा जीव जातो. काचेच्या रबरासाठी कधीच कडक न होणारं ब्युटिल वापरा. जोडांसाठी पीयू (पॉलीयुरेथेन) सीलर.

रोजच्या टेस्टमध्ये न सापडणारं पाणी रात्री पावसात बरोबर येतं, तर फरक कुठे आहे यावर विचार करत बसलो. फरक गाडी उभी राहण्याच्या पद्धतीत होता. माझी पार्किंगची जागा कंपाउंडच्या गटाराला लागून आहे. डावी चाकं खाली आणि नाकही किंचित खाली. छपरावर पडलेलं जवळजवळ सगळं पाणी तिथे छपराच्या कडेच्या डाव्या पन्हळीत जमतं आणि पुढे वाहतं. गेटजवळच्या सपाट जागेत ते चारी बाजूंना वाटलं जात होतं. शिवाय पाईपच्या जोराने मारलेलं पाणी पन्हळीत थांबत नाही, काठावरून उडून जातं. पाऊस मात्र तिला शांतपणे भरत राहतो.

म्हणून गाडी होती तशी, तिच्या जागेवरच ठेवली आणि पाईप बाजूला सारला. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, बाटलीत पाणी भरून त्यात कपड्यांची नीळ कालवली आणि बाटली सोनमोहराच्या फांदीला टांगली. नळी छपराच्या डाव्या पन्हळीत, दाराच्या मध्यावर टेकवून ठेवली आणि थेंबांचा वेग मध्यम केला. आत ग्लोव्हबॉक्स काढून, मागच्या वायरींना पांढरे टिश्यू गुंडाळले. ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या, खालच्या टोकालाही एक. दाराचं बीडिंग उपसून ठेवलं. खालच्या मजल्यावरचे काका छत्री धरून उभे होते. "अरे, गाडीला कसलं सलाईन लावलंयस?" असं विचारून ते जे थांबले ते शेवटपर्यंत.

बाटली अर्धी होईपर्यंत काही नाही. मग ए-पिलर जिथे डॅशच्या मागे जातो तिथल्या वायरीच्या भोकाच्या कडेला एक निळा ठिपका दिसला. तो वाढला, वायरीवर आला, वायरीच्या खालच्या अंगाने सरकत आत गेला आणि टिश्यूवर निळा डाग पसरला. तिथून ओघळ ग्लोव्हबॉक्सच्या मागच्या पट्टीवर आणि मग खाली नमद्यात. काका म्हणाले, "आलं बघ!" आणि मी तिथल्या तिथे त्यांना मिठी मारली.

पन्हळीच्या पुढच्या वळणावर, छप्पर संपून ए-पिलर सुरू होतो तिथे, नखाने खरवडलं. आधीच्या मालकाने केव्हातरी गाडी रंगवून घेतली होती. त्या वेळची पुट्टी आणि रंगाचे थर वळणावर साचून एक छोटा बांध तयार झाला होता. पाणी बरोबर त्याच्या मागे तुंबत होतं आणि बरोबर तिथेच कंपनीच्या काळातलं मूळ सीलर सुकून भेगाळलं होतं. ब्लोअरच्या वेळी फेस तिथवर लावला होता, पण बांधाच्या मागे साचलेल्या मातीने भेग झाकली होती.

आपल्या गाड्यांचं इंजिन निस्सानचं ए-१२, ११७१ सीसी असलं तरी बॉडी फियाट १२४ ची, म्हणजे १९६६ सालच्या गाडीची. त्या काळच्या बॉड्यांमध्ये छपराचा आणि बाजूचा पत्रा पन्हळीत एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड करत आणि जोडावर सीलर भरत. दोन वेल्डच्या मध्ये पाणी अडवणारं फक्त ते सीलर असतं. इतक्या वर्षांनी ते सगळ्यांचंच सुकलेलं असणार. तेव्हा ज्यांच्या गाडीत पाणी "काचेतून" येतंय त्यांनी काच उतरवायच्या आधी पन्हळ बघा. दोन्हीचं पाणी आत एकाच ठिकाणी उतरतं.

दुरुस्तीला उघडीप मिळणं महत्त्वाचं होतं. डेंटर पितळी वेल्डिंग करू म्हणाला, पण नवीन रबर आणि छपराचं अस्तर वीतभर अंतरावर असताना तिथे ज्वाला न्यायला मी तयार नव्हतो. दोन टाचणीएवढी भोकं सोडली तर पत्रा भक्कम होता. जुना स्क्रूड्रायव्हर घासून त्याची चपटी पटाशी केली आणि पन्हळीतला सगळा थर वळणापासून मागच्या दारापर्यंत उपसला. तारेचा ब्रश, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, ते काळं पडल्यावर पुसून झिंक प्रायमर. त्यावर पीयू सीम सीलर, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सपाट ओढलेलं. टेप सीलर ओलं असतानाच काढा, नाहीतर कडा फाटतात. एक भागाचं पीयू हवेतल्या दमटपणानेच पक्कं होतं, त्यामुळे मुंबईची पावसाळी हवा इथे मदतीलाच येते. फक्त लावताना पत्रा पूर्ण कोरडा हवा. मी हेअर ड्रायरने शेकून घेतला.

वळणावरचा बांध गेल्यावर पन्हळीतून पाणी कसं धावतं ते बघायला मी मुद्दाम पावसात खाली उतरलो. ए-पिलरवरून सरळ बाहेर, स्वच्छ धार. त्यानंतर दोन मोठ्या पावसांत टिश्यू पांढरेच्या पांढरे राहिलेत.

आता आतलं. नमदा काढून फेकला. ताग आणि चिंध्यांचा तो थर पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो आणि वरून कोरडा लागतो. त्याखालच्या डांबरी शीटचे जे तुकडे आपसूक सुटले तेवढेच काढले. खाली पत्रा शाबूत, कंपनीचा रंग शाबूत! फक्त जोडाच्या कडेला वरवरचा गंज आहे. मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप मित्राकडून आणून डाव्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्यात, घातला. माझी एक जुनी धास्ती होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्या पाण्यात बुडालेल्या किती गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या याला हिशेब नाही. अशा गाडीच्या सिलमध्ये गाळाचा वाळलेला थर दिसायला हवा. माझ्या गाडीत तो नाही. थोडी लाल भुकटी, आणि निळीचा एक ओघळ!

तो ओघळ बघूनच पुढचा बेत बदलतोय. ठरलं होतं की ए-पिलरमध्ये वायरीच्या भोकातून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) मारून कार्पेटला लागायचं. पण निळं पाणी सिलपर्यंत गेलं, म्हणजे आधीचंही बरंच पाणी तिथेच गेलेलं असणार. आतला पत्रा कोरडा व्हायच्या आधी वॅक्स मारलं तर ओल आत कोंडली जाईल. तेव्हा आधी सिलची खालची भोकं सायकलच्या स्पोकने मोकळी करायची, ब्लोअरने आत हवा सोडायची आणि वॅक्स दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात. तोवर आत फक्त रबरी मॅट, खालचा पत्रा उघडा. तसंच गाडीवर कव्हर नाही. पावसात प्लॅस्टिकचं कव्हर घालणाऱ्यांना विनंती आहे की ते काढा. आतली वाफ बाहेर जात नाही आणि गंजाला आयतं घर मिळतं.

नमद्याच्या जागी बंद पेशींचा एक्सएलपीई फोम घालायचा विचार आहे. तो पाणी पीत नाही. पण आवाज अडवण्यात तो जड नमद्याइतका चांगला नाही आणि आपल्या गाडीत गिअरबॉक्सचा आवाज काही कमी नाही. हे लिहितानाच सुचतंय की खाली फोम आणि वर सुटा, उचलून वाळवता येईल असा नमदा, असे दोन थर केले तर? अपहोल्स्टरीवाल्याला विचारतो. कार्पेट एकसंध न शिवता चार तुकड्यांत, बटणांवर बसणारं करून घ्यायचं हे आता पक्कं.

उजवी पन्हळ पुढच्या उघडिपीत उपसणार, ती गळत नसली तरी. २०२५ ला मुंबईत पाऊस २६ मेलाच येऊन थडकला होता. पुढच्या वर्षीही तसंच झालं तर मेअखेरचा भरवसा धरून चालणार नाही, म्हणून पत्र्याची सगळी कामं एप्रिलपर्यंत हातावेगळी करायची.

राहिली मागची काच. तिचं रबरही कडक व्हायला लागलंय. ऑपेरा हाऊसच्या मोटर मार्केटमध्ये जे दाखवतात त्याची खाच मला उथळ वाटते. फियाट १२४ आणि तिच्यावरूनच बनलेल्या रशियन लाडाची रबरं बाहेरदेशी अजून बनतात. त्यांचा आडवा छेद आपल्याशी जुळतो का ते मोजून बघायचंय. कोणाकडे ११८ एनईच्या मागच्या काचेच्या मूळ रबराचा तुकडा असेल तर कापलेल्या तोंडाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून टाका. खाचेची रुंदी, खोली आणि पत्र्याकडच्या पाळीची जाडी, एवढी तीन मापं मिळाली तरी माझं काम होईल.