लाइन ‘फेल’ आली म्हणून लगेच पेट्रोल पंपाचं काँक्रीट फोडू नका

पेट्रोल पंपावरच्या टाकीची टेस्ट, मापांचं स्टॅम्पिंग, आग विझवण्याच्या सामानाचे कागद, हे सगळं निभावून गेलं. अडलं ते टाकी आणि मशीन यांच्यामधल्या जमिनीखालच्या पाइपपाशी, म्हणजे लाइनपाशी. टेस्ट करणाऱ्या एजन्सीने मे महिन्यात, टँकर रिकामा झाल्यावर भर दुपारी लाइनला दाब दिला. काटा उतरला, कागदावर ‘फेल’ पडलं. वर सल्ला असा की काँक्रीट फोडा आणि लाइन बदला. यावल-रावेरकडच्या (जळगाव जिल्हा) मे महिन्यात अशी घेतलेली टेस्ट कचऱ्यात टाकायच्या लायकीची असते, आणि हे एजन्सीला पटवताना घाम निघतो.

साधा हिशोब बघा. दोन इंची पाइपमध्ये मीटरला साधारण २ लिटर माल बसतो, म्हणजे ३० मीटर लाइनमध्ये ६० लिटर. पेट्रोल एक अंश थंड झालं की लिटरमागे एक मिलीच्या थोडं वर आकसतं. मनमाड-पानेवाडीच्या तेल डेपोहून उन्हात तापत आलेला माल टाकीतून लाइनमध्ये गेला आणि गार मातीत पाच अंशांनी उतरला, तर तीनशे-साडेतीनशे मिली ‘गायब’ होतात. थेंबभरही गळती नसताना! अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नियमात प्रेशर लाइनच्या (टाकीतला पंप माल ढकलतो त्या लाइनच्या) वार्षिक टेस्टची मर्यादा तासाला ०.१ गॅलन, म्हणजे सुमारे ३८० मिली आहे. नुसतं तापमानच त्या मर्यादेला भिडतं. उलटही होतं. सकाळी ऊन चढताना वरवर पुरलेली लाइन तापते, माल फुगतो आणि खरी गळती झाकली जाते. म्हणून टेस्ट रात्री विक्री बंद करून, टँकरनंतर बरेच तास जाऊ देऊन घ्यायची.

नुसत्या गेजवर (दाबाच्या काट्यावर) निकाल देऊच देऊ नका. भरलेल्या बंद लाइनमध्ये अंशाच्या काही भागाच्या फरकानेही काटा खाली येतो. दाब कायम ठेवायला दर १५ मिनिटांनी किती मिली भरावं लागलं ते लिहून घ्यायचं. आकडा दर वेळी कमी कमी होत गेला तर ते तापमान किंवा पाइपचं ताणणं. तेवढाच राहिला तर गळतीचा संशय घ्या, आणि दाब वाढवल्यावर आकडाही वाढला तर संशय पक्का. एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप दाबाखाली आपोआप थोडा पसरतो, त्यामुळे पहिली एक-दोन रीडिंगं धरायचीच नाहीत.

टेस्टचा दाब चालू दाबाच्या दीडपट. सबमर्सिबल (टाकीतला पंप) २ किलोवर (दर चौरस सेंमीला) चालत असेल तर ३ किलो. त्याआधी प्रत्येक मशीनखालचा शिअर व्हॉल्व (मशीनला धक्का बसला तर लाइन बंद करणारी झडप) बंद करा आणि लाइनमधली हवा काढा. दाब सोडताना माल भसाभस, थांबत-थांबत येत असेल तर हवा अजून आहे. मग टाकीच्या बाजूचा बॉल व्हॉल्व. तो उघडा असताना दाब पडतो आणि बंद केल्यावर टिकतो, तर माल जमिनीत जातच नाही. सबमर्सिबलचा चेक व्हॉल्व (माल मागे येऊ न देणारी झडप) तो टाकीत परत सोडतोय. त्याचं सील बदललं की काम झालं. आमच्या ‘फेल’मध्ये अर्धा वाटा याचाच निघाला, आणि लोक यासाठी अख्खी लाइन उखडतात!

माल असलेल्या किंवा एकदा माल जाऊन आलेल्या लाइनला कॉम्प्रेसरची हवा कधीच देऊ नये. नायट्रोजन वापरा. साबणाचं पाणी आणि हवा फक्त नव्या कोऱ्या लाइनवर, माती लोटायच्या आधी.

सक्शन मशीन (स्वतःच टाकीतून माल ओढणारं) असेल तर डोकेदुखी कमी. पाइपला भोक पडलं तर माल बाहेर जाण्याऐवजी हवा आत येते, मशीन उशिरा उचलतं. लाइनला टाकीकडे उतार असेल आणि एकच चेक व्हॉल्व थेट मशीनखाली असेल, तर अमेरिकन नियमात अशा लाइनला टेस्टच लागत नाही. नाहीतर दर ३ वर्षांनी. प्रेशर लाइनचं तसं नाही. सबमर्सिबल ढकलतच राहतो, मशीन बरोबर माप देतं आणि माल जमिनीत मुरतो. त्यासाठी लीक डिटेक्टर, म्हणजे लाइन गळली की धार बारीक करणारं यंत्र. त्याने तासाला ३ गॅलनची, म्हणजे मिनिटाला १८९ मिलीची गळती १० पीएसआय दाबाला (साधारण ०.७ किलो) तासाभरात पकडली पाहिजे. वर्षातून एकदा सगळ्यात लांबच्या मशीनखालून तेवढी गळती मुद्दाम करून बघा. धार बारीक झाली नाही तर डिटेक्टर शोभेचा. रात्रीच्या गारव्यानंतर पहिल्याच गाडीला धार बारीक आली तर मात्र घाबरू नका, तिथेही आकसणंच असतं.

सम्पमधल्या (पाइपांच्या जोडाभोवतीच्या बंद खड्ड्यातल्या) सेन्सरचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात सम्पमध्ये पाणी आलं की अलार्म वाजतो, मग कोणीतरी भाऊ सेन्सर वर उचलून वायरने बांधून ठेवतो. तपासायला येणारा सगळ्यात आधी तेच बघतो. पाइप सम्पमध्ये शिरतो तिथला रबरी बूट (पाइपभोवतीचं सील) तपासा, पाणी तिथूनच येतं. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि पाइप ओढते. त्यामुळे बूट आणि बेंड आधी जातात. नवी लाइन टाकताना चरातली काळी माती काढून पाइपभोवती वाळू भरून घ्या.

रिपोर्टवर प्रॉडक्ट, पाइपचा प्रकार आणि लांबी, दाब, सुरू-बंद वेळ, तापमान, मिलीचे आकडे आणि गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख हवीच. नुसतं ‘ओके’ लिहिलेला कागद परत येतो, आणि टाकीच्या सर्टिफिकेटमध्ये लाइन आपोआप येत नाही. सही घेण्याआधी शिअर व्हॉल्वचे टेस्ट प्लग परत बसवून घ्या, सबमर्सिबल चालू करा आणि प्रत्येक प्लगवर कोरडा कागद फिरवून बघा.