साक्षीत पदरचं किती घालावं?

मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मासिकासाठी येणाऱ्या साक्षी (देवानं आपल्या आयुष्यात काय केलं याचे अनुभव) वाचून छपाईसाठी तयार करायचं काम माझ्याकडे आहे. शुद्धलेखन बघायचं, लांबण कापायचं, आणि जिथं शंका येईल तिथं लिहिणाऱ्याला फोन करायचा. या शेवटच्या भागामुळे एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. कधी उपासनेनंतर कुणी बाजूला घेऊन विचारतं, कधी फोनवरच जरा घुश्शात: "साक्ष थोडी रंगवून सांगितली आणि ऐकणाऱ्याचा विश्वास वाढला, तर बिघडलं कुठं? स्वतःच्या फायद्यासाठी थोडंच बोलतोय? देवाच्या गौरवासाठीच ना!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बिघडतं. माझ्या मते तर धंद्यातल्या किंवा कचेरीतल्या खोटेपणापेक्षा जास्तच बिघडतं.

हा युक्तिवाद तुमचा-आमचा नाही, चांगला दोन हजार वर्षं जुना आहे. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल तो जवळजवळ याच शब्दांत मांडतो: माझ्या खोटेपणामुळे देवाचं सत्य अधिक उठून दिसलं आणि त्याचा गौरव वाढला, तर मग मला पापी का ठरवायचं? एरवी पौल एकेक मुद्दा सोडवत बसतो. इथं तो बसत नाही. 'चांगलं व्हावं म्हणून वाईट करू या' अशी शिकवण आपल्या नावावर खपवली जाते याचा त्याला संताप आहे, आणि असं म्हणणाऱ्यांना होणारी शिक्षा योग्यच आहे एवढं बोलून तो पुढं जातो.

त्याच्याही कितीतरी आधी, जुन्या करारात, संकटांनी खचलेल्या ईयोबानं आपल्या मित्रांना विचारलं होतं की, देवाच्या वतीनं तुम्ही खोटं बोलणार का, त्याची वकिली करायला निघालात का? हे मित्र काही नास्तिक नव्हते. देवाची बाजू सांभाळायला म्हणून ते जमिनीवर पडलेल्या एका दुःखी माणसाला खोटा पाडत होते. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो याच मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाबद्दल मात्र तो म्हणतो, हा माझ्याविषयी यथार्थ बोलला. हा बेचाळिसावा अध्याय मला फार आवडतो. देवाला वकील लागत नाही, हे इतक्या सडेतोडपणे दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळतं.

आता साक्ष रंगते कशी ते बघा. एका ताईंनी आजारपणाची साक्ष लिहून पाठवली होती. त्यात वाक्य होतं, "डॉक्टरांनी हात टेकले. आता फक्त प्रार्थनाच वाचवेल, असं ते म्हणाले." मी फोन केला.

"ताई, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते हो?"

पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे... गोळ्या बदलून बघू म्हणाले. वेळ लागेल म्हणाले."

"मग हात टेकले असं?"

"तसं नाही. पण त्या रात्री आम्हाला तसंच वाटलं ना!"

या ताई खोटारड्या नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय असू द्या, असं प्रभूनं सांगितलंय, तेव्हा बिनशपथेचंच सांगते. झालं असं की, साक्ष पहिल्यांदा त्यांनी घरगुती प्रार्थनासभेत सांगितली. डॉक्टरांच्या वाक्यापाशी दोघीतिघींनी "अगं बाई!" केलं. पुढच्या वेळी आवाज त्या जागी थोडा जास्त रेंगाळला. असं होत होत, कुणी ठरवून काही न करता, डॉक्टरांनी हात टेकले. साक्ष देणारा जितकी साक्ष घडवतो तितकीच ऐकणारेही घडवतात. आपण 'हालेलूया' कुठं म्हणतो, त्यावर समोरच्यानं पदरचं कुठं घालायचं ते ठरतं.

शेवटी छापलं ते असं: "डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. त्या रात्री आम्हाला मात्र सगळं संपल्यासारखं वाटलं." ताईंना ते फिकं वाटलं. मला विचाराल तर तेच जास्त बोलकं आहे. भीती खरी होती, आणि आता ती तिच्या स्वतःच्या नावानं छापली गेली, डॉक्टरांच्या तोंडून नाही. आणखी एक गोष्ट. रात्री-अपरात्री फोन उचलणारा, गोळ्या बदलून बघणारा तो माणूस रंगवलेल्या साक्षीत हात टेकून बसलेला दिसतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा त्यालाही लागू आहे की नाही?

"कुणाचं नुकसान होत नाही" हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. रंगवलेल्या साक्षीत बहुतेक वेळा कुणीतरी भरडलं जातंच. पूर्वायुष्य जितकं काळं, तितकी सुटका उजळ दिसते, म्हणून कधीतरी पिणारा बाप साक्षीत रोज पिऊन मारणारा होतो. प्रश्न विचारणारी सासू छळ करणारी होते. ही माणसं कित्येकदा त्याच उपासनेत, मागच्या बाकावर बसलेली असतात.

प्रेषितांच्या कृत्यांतली हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोची गोष्ट आपण 'देवाचे पैसे खाल्ले तर काय होतं' म्हणून सांगतो. नीट वाचा. जमीन विकायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विकल्यावरही पैसा तुझ्याच हाती होता ना, असं पेत्र स्वतः हनन्याला विचारतो. निम्मे दिले असते, पाव दिले असते, तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण त्याच्या अगदी आधीच्या ओळींत बर्णबानं शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायांशी ठेवलेली आहे, आणि काही रक्कम मागं ठेवून सगळी दिल्याचं भासवणाऱ्या या दोघांना बर्णबासारखं दिसायचं होतं, बर्णबाइतकं न देता. मंडळीच्या इतिहासात पहिल्याप्रथम नोंदलं गेलेलं खोटं हे असं आहे. चारचौघांत आपण आहोत त्यापेक्षा भक्तिमान दिसावं, एवढ्यासाठी बोललेलं. बाहेरच्या जगात हे खोटं फारसं चालत नाही, कारण तिथं भक्तीला भाव नाही. ते मंडळीतच पिकतं.

"पण फिकी साक्ष कोण ऐकणार?" असंही विचारतात. मी म्हणते, मार्काचं शुभवर्तमान वाचा. बेथसैदातल्या आंधळ्यावर येशू हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा त्याला स्वच्छ दिसतं. आजच्या मासिकाकडे ही साक्ष आली, तर पहिला निम्मा भाग कुणीतरी काढूनच टाकेल: प्रभूनं हात ठेवला आणि क्षणात दृष्टी आली, बस! त्याच मार्कात, नासरेथात येशूला फारशी महत्कृत्यं करता आली नाहीत, असंही लिहिलेलं आहे. पेत्रानं प्रभूला नाकारलं ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, आणि ती लिहिली जात असताना पेत्र हे मंडळीतलं सर्वांत मोठं नाव होतं. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांसमोर उभा आहे, ते त्याला नमन करताहेत, आणि लेखक तिथंच नोंदवतो की काहींना शंका वाटली. पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून यावं लागलं, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात निमूटपणे लिहिलेलं आहे. बरा झाला की नाही, पुढं एक अक्षर नाही.

या जागा झाकणं अवघड नव्हतं. झाकल्या नाहीत म्हणून तर बाकीच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातली एक जागा तर सभांचे आकडे जाहीर करणाऱ्यांनी भिंतीवर लावावी. पौल म्हणतो, क्रिस्प आणि गायस सोडले तर मी तुमच्यापैकी कुणाचाही बाप्तिस्मा केला नाही. मग मध्येच आठवतं: हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. याखेरीज आणखी कुणाचा केला असल्यास मला ठाऊक नाही. बोललेलं वाक्य तिथल्या तिथं दुरुस्त, आणि उरलेल्या आकड्याबद्दल 'ठाऊक नाही'. आपल्याकडे मैदानात बसलेल्यांची संख्या व्यासपीठावरून एक असते आणि गेटवरच्या स्वयंसेवकाला विचारलं तर दुसरीच. दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तर आपल्या दर्शनांविषयी बोलताना तो हात आखडता घेतो. कारण काय देतो? लोकांनी मला पाहून किंवा माझं ऐकून जेवढं ठरवावं, त्याहून अधिक मोठं मला मानू नये.

पदरचं घालणं कुठवर जाऊ शकतं, त्याचं एक अलीकडचं उदाहरण आहे. 2010 साली अमेरिकेत एक पुस्तक निघालं. सहा वर्षांचा एक मुलगा 2004 मध्ये मोटार अपघातात जबर जखमी झाला होता. तो स्वर्गात जाऊन आला, देवदूत पाहिले, असं त्यात लिहिलं होतं. दहा लाखांवर प्रती खपल्या. जानेवारी 2015 मध्ये त्याच मुलानं जाहीर पत्र लिहिलं: मी मेलो नव्हतो, स्वर्गातही गेलो नव्हतो, आपल्याकडे लक्ष वेधलं जाईल असं वाटलं म्हणून तसं बोललो. लोकांनी बायबल वाचावं, असंही त्यानं लिहिलं. प्रकाशकांनी पुस्तक मागं घेतलं. त्याची आई आधीपासूनच तक्रार करत होती, पण ती कुणी मनावर घेतली नाही. अंथरुणाला खिळलेल्या पोराला मी काय दोष देणार! मला राग येतो तो पदरमोड करून ते विकत घेणाऱ्या, वाटणाऱ्या आणि आईकडे कानाडोळा करणाऱ्या मोठ्या माणसांचा. ते पुस्तक वाचून ज्यांचा विश्वास वाढला, त्यांनी त्या जानेवारीत काय करायचं होतं?

इथं हुशार लोक जुन्या करारातल्या, यरीहोच्या राहाबेला पुढं करतात. तिनं हेरांना लपवून खोटं सांगितलं, मिसरातल्या सुइणींनी फारोला थाप मारली, आणि देवानं त्यांचं भलंच केलं. वाद खरा आहे आणि जुना आहे. प्राचीन चर्चचा मोठा आचार्य संत ऑगस्टीन यानं इ.स. 395च्या सुमारास आणि पुन्हा 420च्या सुमारास खोटेपणावर दोन ग्रंथ लिहिले. त्याचं मत कडक होतं: देवानं बक्षीस दिलं ते त्यांच्या दयेला, थापेला नाही. मी इतकी कडक नाही. दुसऱ्याचा जीव वाचवायला दारात उभं राहून बोललेल्या खोट्यापुढं मी गप्प बसते. दुसऱ्या महायुद्धात ल शांबों या फ्रेंच गावानं ज्यू निर्वासितांना लपवलं, त्यांना खोटी ओळखपत्रंही मिळत होती. आणि तिथले पाळक आंद्रे त्रोक्मे यांना 1943 मध्ये छावणीत डांबल्यावर, सरकारच्या आज्ञा पाळीन अशा कागदावर सही करा आणि घरी जा, असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी सही केली नाही. पाळायचा नाही तो शब्द स्वतःच्या सुटकेसाठी द्यायचा कसा? (पुढं त्यांना सहीविनाच सोडलं.) राहाबेचं नाव घ्यायचं असेल, तर तिच्यासारखं कुणीतरी छपरावर लपलेलं हवं. आपल्या साक्षीच्या छपरावर बहुतेक वेळा आपणच बसलेलो असतो.

त्याच ऑगस्टीननं खोट्याचे आठ प्रकार पाडले, आणि सर्वांत वाईट म्हणून पहिला कुठला ठेवला माहीत आहे? धर्म शिकवताना बोललेलं खोटं. कारण सोपं आहे. शिकवणारा एका ठिकाणी पदरचं घालतो असं कळलं, की बाकीचं कशावरून खरं? पौलानंही ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाबद्दल लिहिताना ही जोखीम उघड स्वीकारली आहे: ते घडलंच नसेल, तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षीदार ठरलो. ज्या श्रद्धेचा सगळा डोलारा साक्षीदारांच्या शब्दावर उभा आहे, तिनं साक्षीत भेसळ चालवून घ्यायची?

राहता राहिला दुसरा प्रश्न, तो दबक्या आवाजात विचारला जातो. आधीच रंगवून सांगून झालंय, दहा ठिकाणी, आता काय करू? माझं उत्तर: जिथं सांगितलं तिथंच सांगा, दोन वाक्यांत. "मागच्या वेळी मी अमुक म्हणालो होतो. तसं नव्हतं, असं होतं." त्यावर कारणमीमांसा नको, अश्रू नकोत. नाहीतर माघार घेण्याचीच एक नवी रंगतदार साक्ष तयार होते, तीही मी पाहिली आहे. ऑगस्टीन म्हातारपणी, 426-27च्या सुमारास, स्वतःचे सगळे ग्रंथ घेऊन बसला आणि कुठं काय चुकलं ते एकेक करून लिहीत गेला. खोटेपणावरच्या पहिल्या ग्रंथाबद्दलही लिहिलं: गुंतागुंतीचा झाला होता, रद्दच करायचा होता, पण शिल्लक राहिला. एवढंच, आणि पुढच्या पुस्तकाकडे.

यावर एकानं मला विचारलं, "असं सांगितल्यावर मग साक्ष द्यायला बोलावणं कमी होईल का हो?"

होईल बहुधा.