डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापल्या कॅरेक्टरच्या भूमिकेत बोलत आणि फासे टाकत खेळायचा खेळ. त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं छान बोललो, तरी फासा कशाला?

हा प्रश्न विचारणारा नेहमी चांगला बोलणाराच असतो. न बोलणारा विचारत नाही. तो दोन-तीन सेशन गप्प बसतो आणि मग यायचा बंद होतो. त्यामुळे उत्तर देताना माझा सूर जरा चिडका लागतो, तेवढं चालवून घ्या.

तुमचं म्हणणं असं : मी सरदारासमोर मुद्देसूद बोललो, सगळ्या टेबलाला पटलं, मग पर्स्वेजनला, म्हणजे पटवण्यासाठी टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशावर, 4 पडले म्हणून सरदार ‘नाही’ कसा म्हणतो? यावर ‘तलवार चालवण्याआधी तुम्हाला जोर-बैठका काढायला लावतो का?’ हे ठरलेलं उत्तर मी देणार नाही. ते अर्धंच खरं आहे. तलवार टेबलावर कुणीच चालवत नाही, बोलतात मात्र सगळे. बोलण्याला काहीच किंमत नसेल तर जमायचं कशाला, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

पण एका टेबलावरचा प्रसंग ऐका. सगळे पहिल्या लेव्हलचे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा गाजवलेला एकजण बार्बेरियन म्हणजे रांगडा लढवय्या खेळत होता, करिज्मा (समोरच्यावर छाप पाडायची क्षमता) 8. शेजारची मुलगी बार्ड म्हणजे भाट खेळत होती, करिज्मा 16, पर्स्वेजनमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्य), म्हणजे फाशाच्या आकड्यात एकूण अधिक 5. पहाटे फाशी जाणाऱ्या कैद्याला सोडवायचं होतं. दारावरच्या पहारेकऱ्यासमोर बार्बेरियनने दया, न्याय, आईचे अश्रू असं पाच मिनिटं भाषण ठोकलं. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) खूश. रोल न घेताच दार उघडलं.

आत तुरुंगाधिकारी. कैद्यांच्या वाटचं धान्य तो बाहेर विकत होता आणि त्या व्यवहाराची वही बार्डच्या हाती लागली होती. ती म्हणाली, ‘मी त्याला वही दाखवते. कैदी सोडलात तर ही कोतवालाकडे जाणार नाही, असं सांगते.’ डीएम म्हणाला, ‘असं नाही, बोलून दाखव. मीच तो अधिकारी, बोल माझ्याशी.’ ती अडखळली. ‘म्हणजे... प्लीज, सोडा ना त्याला.’ टेबल हसलं. ‘एवढ्यावर कोण सोडेल?’ म्हणत डीएमने डीसी, म्हणजे जिंकायला गाठावा लागणारा आकडा, 15 वरून 20 केला. फाशावर 13 पडले. 13 आणि 5, 18. कैदी फासावर गेला. पुढच्या वेळी ती तिरंदाज घेऊन आली आणि वाटाघाटी सुरू झाल्या की मोबाइल बघायला लागली.

आता आकडे बघा. डीसी 15 ला तिला फाशावर 10 किंवा जास्त हवे होते, म्हणजे 55 टक्के संधी. डीसी 20 ला 15 किंवा जास्त, म्हणजे 30 टक्के. मूळ डीसीवर तिचे 18 पुरले असते. बार्बेरियनचा बोनस उणे 1. रोल घेतला असता तर डीसी 15 ला त्याची संधी 25 टक्केच होती, ती फुकटात 100 झाली. कॅरेक्टर बनवताना त्याने करिज्मावर गुण खर्च केले नाहीत, ते ताकदीत घातले, आणि दोन्हीचा फायदा घेतला. तिने गुण खर्च केले आणि वर दंड भरला.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खरा युक्तिवाद तिचाच होता. 2014 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या डीएमसाठीच्या नियमांत एक तक्ता आहे. समोरचा मित्र, तटस्थ की वैरी हे आधी ठरवायचं आणि मग 0, 10, 20 या डीसींवर तो कुठवर येईल ते बघायचं. तटस्थ माणूस 20 ला सुद्धा फक्त छोटी जोखीम पत्करतो. फाशीचा कैदी सोडणं ही छोटी जोखीम नाही. म्हणजे नुसत्या भाषणावर त्या अधिकाऱ्याला कुणीच वळवू शकलं नसतं, तिथे रोलच नाही. वहीमुळे कैदी न सोडण्यातही धोका आला, आणि रोल शक्य झाला तो त्यामुळे. ‘मला 20 पडले, राजाने राज्य द्यावं’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. लढाईत 20 म्हणजे हमखास वार, पण 2014 च्या नियमांत ॲबिलिटी चेकला, म्हणजे पटवण्यासारख्या कामाच्या रोलला, तसं काही नाही.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. आधी विचारतो : तुला नक्की काय हवंय, आणि त्याने ते का द्यावं? हे ‘मी त्याला सांगते की...’ असं सांगितलं तरी पूर्ण चालतं. दिलेलं कारण त्या माणसाच्या लोभाला किंवा भीतीला भिडलं तर डीसी उतरतो किंवा ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. आवाज, शब्दसंपत्ती, अभिनय यांना काही मिळत नाही. मग फासा हातात असतानाच डीसी आणि हरल्यावर काय होईल ते उघड सांगतो. रोल होतो. संवाद त्यानंतर, ज्याला हौस आहे त्याने, पडलेल्या आकड्याला धरून करायचा. 4 पडलेल्या वक्त्याने फसलेलं भाषण करून दाखवणं हे टेबलावरचं सर्वात मजेशीर काम आहे, एकदा करून बघा.

हरणं म्हणजे दार बंद, असंही नाही. अधिकारी म्हणू शकतो, ‘सोडतो, पण वही आत्ता माझ्या हातात द्या आणि तुमच्यातला एक इथे ओलीस राहील.’ मात्र तोच मुद्दा घेऊन पुन्हा रोल नाही. शून्य बोनसवाल्या पाचजणांनी डीसी 15 ला एकामागून एक फासा टाकला, तर एकजण तरी जिंकण्याची शक्यता 83 टक्के होते, मग बार्डला कोण विचारतो? 2024 च्या नियमांनी तर त्याच पद्धतीने पुन्हा गळ घालायला 24 तासांची अट घातली आहे. दुसऱ्याला मदत करायची असेल तर त्याने नवा मुद्दा आणावा, ॲडव्हांटेज देतो. आणि खेळाडूच्या कॅरेक्टरवर दुसऱ्या खेळाडूने पर्स्वेजन टाकणं माझ्याकडे बंद आहे. पटलं की नाही ते ज्याचं कॅरेक्टर त्याने ठरवावं.

आपल्याकडची एक जादा भानगड : नियम इंग्रजीत, संवाद मराठीत. सरदाराला कुणी ‘अरे ऐक ना’ म्हटलं की डीएमच्या भुवया वर जातात. डीसी वाढवण्याआधी विचारा, हे तू म्हणालास की तुझा बार्बेरियन? बहुतेक वेळा जीभच घसरलेली असते.

पूर्वी मी ‘आधी बोला, मग फासा’वाला होतो. त्या वेळचा मी आज समोर आला तर म्हणेल, तू गप्पांचा फॉर्म भरून घेतोयस. काय हवंय, का द्यावं, सही करा. तो अगदीच चुकीचा नाही. काही संध्याकाळी तसंच वाटतं, विशेषतः पाचही जण बोलके असले की. शिवाय मुद्द्याला किंमत दिली की हुशार खेळाडूचं पारडं जड होतंच. इंटेलिजन्स 8 चं कॅरेक्टर घेऊन बुद्धिबळ खेळणारे आहेतच की. वाक्चातुर्याचा फायदा काढून टाकला आणि डोक्याचा ठेवला, यात न्याय किती, हे मला सांगता येत नाही.

वादविवादवाल्यांची तक्रार उरतेच. चांगल्या मुद्द्यावर ॲडव्हांटेज मिळाला की त्यांचे 25 टक्के जवळपास 44 होतात, बार्डवालीचे 55 मात्र तसल्याच मुद्द्यावर 80. ‘म्हणजे मी तिच्याइतकाच चांगला मुद्दा मांडूनही मागेच?’ हो, मागेच. दरडावायचं असेल तर करिज्माऐवजी ताकदीवर इंटिमिडेशन टाकू देतो, नियमांत तो पर्याय आहे, आणि बार्बेरियनला तो शोभतोही. त्यावर त्यांचं म्हणणं, आम्हाला दरडावायचं नाही, पटवायचंय. मग पुढच्या वेळी बार्ड घ्या, असं मी म्हणतो, आणि ते कुऱ्हाड सोडायला तयार नसतात.