फाटकाचा खांब, खेप तिसरी

फाटकाची कडी पुन्हा कोयंड्यात बसेना, तेव्हा ठरवलं की या खेपेला वरवर सिमेंट थापायचं नाही. जुळे सोलापुरातलं आमचं अंगण म्हणजे निव्वळ काळी माती. मे महिन्यात भेगांत चार बोटं जातात, पावसात तीच माती फुगून खांबाला रेटते. आमचा खांब जेमतेम दोन फूट पुरलेला, म्हणजे सगळा तिच्याच मर्जीवर.

मेमध्येच टिकाव घातला, ही घाई झाली. अर्ध्या तासात अर्धा फूटही खड्डा नाही आणि दांडा खिळखिळा. पूर्वी असा दांडा मी रात्रभर पाण्यात ठेवायचो. सकाळी घट्ट बसायचा, पण इथल्या उन्हात दोन दिवसांत वाळून पुन्हा हलायचा. आता बाभळीचा नवा दांडा, वरून पाचर आणि जवसाच्या तेलाचा हात. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका. आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्या पसरून वाळवा.)

मृगाचा पाऊस झाला, चार दिवस ऊन पडलं, वाफसा आला, म्हणजे माती खणण्याजोगी ओलसर झाली. हौस म्हणून खड्डे पाडायचं पेट्रोलचं यंत्र भाड्यानं आणलं. काळ्या ओल्या मातीत त्याचा स्क्रू फिरतो झकास, पण वर काढला की चिखलाचा नुसता गोळा. दर वीतभर खोलीला खुरप्यानं खरवडत बसा. दुपारी ते परत केलं आणि पहार काढली. लोहाराकडून टोक काढून, पाणी देऊन (तापवून, बुडवून कडक करून) आणलेली, त्यामुळे लोण्यात सुरी गेल्यागत गेली. अरुंद खड्ड्यात फावडं वळत नाही. तेलाचा डबा तिरका कापून बांबूला बांधला आणि त्यानं माती उपसली.

साडेतीन फुटांवर पहारीचा आवाज बदलला. धप्प होता, तो खण्ण झाला. मुरूम, काळ्या मातीखालचा कठीण थर! अजून अर्धा फूट गेलो.

धुम्मस (माती ठोकून बसवायचं जड अवजार) मागायला शेजारच्या बांधकामावर गेलो तर गवंडीमामाच बघायला आले. मी नव्या खांबाच्या पाइपला एका बाजूनं ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) धरून खुशीत. म्हणाले, "साहेब, दोन बाजूंनी धरा की. एका बाजूनं बघितलं तर फसवतंय ते." काटकोनात दुसरीकडून धरला; पाऊण इंच कललेला होता. मोबाइलमधल्या लेव्हलवरचा माझा विश्वास त्या दिवशी संपला.

रेड ऑक्साइड लावलेला दोन इंची पाइप, तळाशी दीड फूट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. सात दिवस त्यावर विरलेली सोलापुरी चादर भिजवून टाकली. गोणपाटापेक्षा पाणी जास्त धरते. आईनं चादर ओळखली, तो भाग इथं लिहीत नाही. मग वरच्या खड्ड्यात काळी माती परत न भरता मुरूम टाकला, कारण तो पाणी पिऊन तसा फुगत नाही. सहा-सहा इंचांचा थर, थोडं पाणी, धुम्मस. तोंडाशी उतार, म्हणजे पाणी खांबापाशी मुरणार नाही.

आमच्याकडे पावसाचा खरा जोर भाद्रपदात. तो उलटल्यावर काल ओळंबा लावला, दोन्ही बाजूंनी. दोरी आणि खांबातलं अंतर वर-खाली तेवढंच.

समोरचा, कोयंड्याचा खांब मात्र अजून जुनाच आणि झुकलेला. त्याला पुढचा वाफसा. तूर्त कोयंड्याचं भोक कानशीनं अर्धा इंच लांबवून घेतलंय.