तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चरमध्ये मेलेले भैरोसिंग

दर २६ जानेवारीला नाहीतर १५ ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर 'बॉर्डर' लागतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणीतरी विचारतंच, काय हो, तुमचे वडील फौजेत होते, तुम्ही पण त्या विषयावर एवढं वाचत असता, मग हे युद्धाचे पिक्चर कितपत खरे असतात, आणि खोटे असतील तर तुम्ही बघता कसे? आजवर मी 'थोडं खरं, थोडा मसाला' म्हणून विषय मिटवायचो. परवा पुन्हा विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे बटणं, बिल्ले, रायफलचं मॉडेल असल्या चुका काढणाऱ्यांतला मी नाही. 'बॉर्डर' ज्या लढाईवर आहे त्या लोंगेवालाला, म्हणजे राजस्थानच्या सरहद्दीजवळच्या चौकीवर, पाकिस्तानने आणलेल्या रणगाड्यांत टी-५९ होते, म्हणजे रशियन टी-५४ ची चिनी आवृत्ती, आता शूटिंगला त्याच खानदानातला दुसरा एखादा रणगाडा उभा केला तर कोणाचं काय बिघडलं? मिळेल ते वापरणार ना बिचारे. माझं दुखणं वेगळं आहे.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, २३ पंजाब या पलटणीची एक कंपनी, साधारण १२० माणसं, सोबत बीएसएफचे (सीमा सुरक्षा दलाचे) काही जण आणि त्यांचे उंट, आणि जीपवर चढवलेली एक रिकॉइललेस गन, म्हणजे रणगाडे फोडायची हलकी तोफ. समोरून रणगाड्यांसकट दोन-तीन हजारांची फौज. लेफ्टनंट धरमवीर भान सरहद्दीजवळ गस्तीवर होते, त्यांना आधी ऐकू आली ती घरघर, दिसलं नंतर. चांदपुरींना वरून सांगितलेलं की थांबायचं का मागे यायचं ते तुम्ही ठरवा. ते थांबले. इथवर पिक्चर बरोबरच आहे आणि हा भाग मला आवडतो पण.

पुढे जे घडलं ते पडद्याला परवडणारं नाही. पाकिस्तानी तुकडी पोस्टजवळ आली आणि काटेरी तार बघून थांबली, कारण त्यांना वाटलं तार आहे म्हणजे पुढे सुरुंग पेरलेले असणार. मग सुरुंग शोधणारे मागवले, त्यात तास-दोन तास गेले, आणि शोधून कळलं की पुढे सुरुंगांचा पट्टाबिट्टा काही नाही. रणगाडे रस्ता सोडून बगल द्यायला गेले तर मऊ वाळूत रुतायला लागले. जैसलमेरची आपल्या हवाईदलाची हंटर विमानं अंधारात काही करू शकत नव्हती, त्यामुळे आपल्याकडच्यांच्या हातात एकच गोष्ट होती, उजाडेपर्यंत तग धरायचा. उजाडलं आणि उघड्या वाळवंटात लपायला जागा नसलेले रणगाडे हंटरना आयते मिळाले. विमानांतून काढलेले त्या दिवसाचे फोटो आहेत, जमलं तर शोधून बघाच. वाळूवर रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी उमटलीयत, रॉकेट चुकवायला ते जागच्या जागी गोल गोल फिरत होते त्याची, आणि एखाद्या वेटोळ्याच्या टोकाला काळा ठिपका. मी कितीदा बघितला असेल तो फोटो, दरवेळी पोटात कसंतरी होतं, आणि तो शत्रूचा रणगाडा आहे हे माहीत असूनही होतं.

आता मुख्य मुद्दा. त्या रात्री आपली माणसं किती गेली? दोन. १२० मधले दोन. (आणि सुरुवातीच्या तोफांच्या माऱ्यात बीएसएफच्या दहापैकी पाच उंट.) पिक्चरमध्ये किती जातात ते तुम्हीच आठवा. अक्षय खन्नाचा धरमवीर मरतो, खरे धरमवीर वाचले आणि पुढे कितीतरी वर्षं जगले. सुनील शेट्टीचा भैरोसिंग सुरुंग घेऊन रणगाड्याला भिडतो आणि जातो, थेटरात बाया पदराने डोळे पुसत होत्या, आणि खरे बीएसएफचे भैरोसिंग राठोड त्या वेळी, म्हणजे १९९७ साली, राजस्थानात आपल्या घरी चांगले धडधाकट होते. म्हणजे स्वतःचं मरण गाणीबिणी लावून बघायची सोय झाली की त्यांची.

याला मी खोटं म्हणतो. एवढ्या फौजेपुढे रात्रभर टिकायचं आणि दोनच माणसं गमवायची हीच तर त्या लढाईतली थक्क करणारी गोष्ट, आणि नेमकी तीच काढून टाकली, का तर आपल्याला मेल्याशिवाय शूर वाटत नाही माणूस. जगून घरी आलेला, गुडघेदुखीची तक्रार करणारा माणूस हिरो कसा चालेल?

अर्थात पिक्चरवाल्यांना तरी किती बोलणार, प्रत्यक्ष लढलेल्यांतही एकमत नाही. रणगाडे मारले ते हवाईदलाने, जमिनीवर फार लढाई झालीच नाही, असं पुढे काही निवृत्त अधिकाऱ्यांनी म्हटलं आणि चांदपुरींनी त्यावर एक रुपयाच्या भरपाईचा दावा लावला. मला विचाराल तर दोन्ही बाजूंशिवाय ती सकाळ पूर्ण होत नाही. विमानं पहाटेच येणार होती, पण पहाटेपर्यंत पोस्ट जागेवर असायला नको का?

आणि आपण मराठी लोक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे. पानिपत ऐन संक्रांतीला झालं असं आपल्याकडे सर्रास सांगतात, 'संक्रांत कोसळली' म्हणायला सोयीचं पडतं ना. लढाई १४ जानेवारी १७६१ ची हे बरोबर, पण तेव्हा संक्रांत १४ ला येतच नव्हती. विवेकानंद संक्रांतीच्या दिवशी जन्मले आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३, ती हळूहळू पुढे सरकते, मग त्याच्या १०० वर्षं आधी अजून मागेच असणार. पौष शुद्ध अष्टमी होती त्या दिवशी. पण सांगून बघा कोणाला, तुम्हालाच खुळ्यात काढतील.

उलटंही होतं बरं का. जमालपूरचा किस्सा तुम्ही पिक्चरमध्ये बघितलात तर म्हणाल काय फेकतायत. डिसेंबर ७१, पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, जमालपूरला आपल्या फौजेचा वेढा पडलेला, ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर तिथल्या पाकिस्तानी कमांडिंग ऑफिसरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, वर लिहिलं की पुढच्या वेळी हातात पेनाऐवजी स्टेन गन घेऊन भेटा. अगदी सलीम-जावेद! पण हे खरं आहे. आणि ते लोक रात्री निसटायला निघाले तेव्हा मागच्या रस्त्यावर आपली जंगी पलटण, पहिली मराठा, वाट अडवून बसलेली.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पलटण वेगळी, पण तेही ७१ ला पूर्वेकडेच होते. त्यांच्यासोबत युद्धाचा पिक्चर बघणं हा एक वेगळाच प्रकार असतो. ते गोळीबाराकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात. "ह्येंचं बूट बघ, कोरडं ठाक," एवढंच बोलतात. तिकडे नद्या, नाले, भातखाचरं, बूट ओले ते ओलेच, पायांची कातडी पांढरी होऊन सोलून निघायची म्हणे. दुसरी त्यांची तक्रार जेवणाची. तीन तासांच्या पिक्चरमध्ये कोणी पोटभर खात नाही आणि कोणाचं पोटही बिघडत नाही. मी एकदा विचारलं, आबा, पण बाकी लढाई तरी खरी वाटते का? तर म्हणाले, "आवाज लई कमी हाय. आन बोलत्यात लई."

डिसेंबर २०२२ मध्ये भैरोसिंग राठोड जोधपूरला वारले. मी पेपरातली बातमी आबांना वाचून दाखवली. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

"ह्यो तर पिक्चरात मेला हुता की."

म्हटलं नाही, खरे होते ते, आत्ता गेले.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्शन किती मिळत असंल रं त्येला?"