‘तीन पोती’मधला न

शेतकऱ्यांनी फोनवर विचारलेले बाजारभावाचे प्रश्न ऐकून ते लिहून काढणारी संगणकप्रणाली आम्ही बेळगावात तपासत होतो. खानापूर आणि निपाणी भागांतील ध्वनिमुद्रणांत त्या दिवशी एक विलक्षण गोष्ट आढळली. ‘तीन’ हा शब्द सुटा आला किंवा ‘तीन तास’ असा आला, तर प्रणाली तो अचूक ओळखत असे. ‘तीन पोती’ म्हटले की मात्र हमखास अडखळत असे.

ध्वनीचा आलेख उघडल्यावर कारण दिसले. घाईच्या बोलण्यात ‘प’साठी ओठ आधीच मिटत असल्यामुळे ‘न’चा जवळजवळ ‘म’ होत होता, आणि त्याची चाहूल आधीच्या ‘ई’च्या शेवटीच लागत होती.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की सांबरा, हिंडलगा, नंदगड, कंग्राळी ही गावे प्रणाली बिनचूक ओळखत होती, जरी या नावांतील अनुस्वार प्रत्येक ठिकाणी निराळा उच्चारला जातो. आमचे प्रारूप (मॉडेल) ट्रायफोनचे होते, म्हणजे प्रत्येक ध्वनी त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यासह शिकवलेला. पन्नास ध्वनी धरले तरी असे 1,25,000 त्रिक होतात. बहुतेकांचे नमुने मिळतच नाहीत, म्हणून सारख्या परिणामाचे शेजारी निर्णयवृक्षाने, म्हणजे एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारून गट पाडणाऱ्या रचनेने, एकत्र बांधावे लागतात. अनुस्वाराचा वृक्ष पाहिला, तर त्याने आमच्या यादीतून सर्वांत आधी निवडलेला प्रश्न होता, ‘पुढचा ध्वनी ओष्ठ्य (‘प’, ‘ब’सारखा ओठांनी उच्चारलेला) आहे का?’ पाणिनीने सांगितलेला परसवर्णाचा नियम, म्हणजे अनुस्वाराचा उच्चार पुढच्या व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिकासारखा होतो हा नियम, यंत्राने केवळ आवाजांवरून पुन्हा शोधलेला पाहून मी काही वेळ कामच विसरलो.

मात्र ही शेजाराची जाणीव शब्दाच्या सीमेवर संपत होती. ‘तीन’च्या शेवटच्या ‘न’पुढे काहीच नाही, असे प्रारूप मानत होते. शब्दसीमा ओलांडणारे ट्रायफोन घेतल्यावर ‘तीन पोती’ सुधारले. प्रत्येक शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या आरंभानुसार फुटत असल्याने प्रणाली ज्यातून योग्य शब्द शोधते ते शक्यतांचे जाळे बरेच फुगले आणि उत्तरे मंदावली. तरीही बोली भाषेसाठी ही किंमत मोजावीच, असे माझे मत आहे.

उरलेल्या चुका मुख्यतः घरी कन्नड बोलणाऱ्या काही जणांच्या होत्या. ते ‘तीन’च्या शेवटी पुसटसा ‘उ’ लावत होते. मध्ये स्वर आल्याने त्यांचा ‘न’ शाबूत राहत होता, त्यामुळे तिथे शेजाराचे प्रारूप नव्हे, तर प्रणालीच्या उच्चारकोशात (प्रत्येक शब्दाचे उच्चार नोंदवलेल्या यादीत) ‘तीन’चा दुसरा उच्चार जोडणे आवश्यक होते.