आगरातल्या विहिरीतले गप्पी

गुहागरच्या आमच्या आगरात जांभ्याची एक जुनी विहीर आहे. पाच वर्षांपूर्वी डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्यसेवकाने पिशवीतून आणलेले दहा-बारा गप्पी मासे तीत सोडले आणि बघता बघता त्यांचे घोळके झाले. गेल्या भाद्रपदात मात्र त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. रोज सकाळी पोहऱ्याबरोबर दोन-चार मेलेले मासे वर येत. पंधरा दिवसांनी साथ ओसरली, तेव्हा अंगावर ठिपके असलेलेही काही मासे जिवंत होते. ते जनुकांमुळेच वाचले असे मी म्हणणार नाही, पण ज्या विहिरीत सगळेच एकमेकांचे नातलग, तिथे रोगाला पुरून उरेल इतके वेगळेपण टिकते कसे, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

हिशेब तसा निराशाजनक आहे. वीण घालणारे मासे दहाच असतील, तर प्रत्येक पिढीत जनुकीय विविधतेचा विसावा भाग निव्वळ योगायोगाने गळतो. गप्पीची पिढी तीन महिन्यांची धरली, तर पाच वर्षांच्या वीस पिढ्यांत मूळ विविधतेचा जेमतेम 36 टक्के भाग उरावा. आमच्याकडे संख्या लवकर वाढली, म्हणून नुकसान याहून कमी झाले असणार. शिवाय गप्पीची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते आणि तिच्या एकाच विणीतल्या पिल्लांचे बाप अनेकदा वेगवेगळे असतात, त्यामुळे पिशवीतून दहा मासे आले तरी वाण दहापेक्षा अधिकांचा आलेला असतो.

खरी गंमत एमएचसी नावाच्या, रोगप्रतिकाराच्या जनुकांत आहे. त्यांच्यापासून बनणारे रेणू जंतूच्या प्रथिनाचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर धरून टी-पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींना, दाखवतात; मात्र ज्या आसाचे जाळे त्याच बेताचे मासे, तसे प्रत्येक रेणूत ठरावीक तुकडेच अडकतात. म्हणून आईकडून एक आणि बापाकडून दुसरी आवृत्ती मिळालेला मासा अधिक जंतू ओळखतो, ही कल्पना डोहर्टी आणि झिंकरनागेल या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये मांडली. त्याहून मला पटते ते दुसरे कारण : परजीवी बहुसंख्यांच्या आवृत्तीला चुकवायला शिकतो, त्यामुळे दुर्मीळ आवृत्तीचे मासे वाचतात, वाढतात, आणि बहुसंख्य झाले की त्यांचीही पाळी येते. या फिरत्या पाळीमुळे कोणतीच आवृत्ती सहजासहजी नामशेष होत नाही. त्रिनिदाद बेटावरील आरिपो नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गप्पींच्या लहानशा समूहात इतर जनुकीय खुणांची विविधता घटलेली असूनही एमएचसीची विविधता खालच्या मोठ्या समूहाच्या तोडीस तोड आढळली, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

तरीही या नैसर्गिक निवडीचा जोर योगायोगापेक्षा जास्त हवा. दहा माशांच्या समूहात पाच टक्क्यांहून कमी फायदा देणारी आवृत्ती योगायोगाच्या लाटेत वाहून जाऊ शकते. अशा वेळी बाहेरून येणारा एखाद-दुसरा मासा फार मोलाचा ठरतो. आपल्या नद्यांत उन्हाळ्यात एकेका कोंडीत अडकलेले मासे पहिल्या पावसात चढणीला लागतात, तेव्हा वेगवेगळ्या कोंडींतले वाण एकत्र येतात. चढणीचे मासे धरायला कंदील घेऊन धावणाऱ्या आम्हां मंडळींना हे कुठे सुचते? विहिरीला मात्र चढण नाही. आणि तिच्यातले गप्पी पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, सोडणे हा उपायही नव्हे, कारण हा परका मासा तिथल्या मूळच्या माशांना भारी पडतो.

म्हणून यंदा आरोग्यसेवक पुन्हा पिशवी घेऊन आला, तेव्हा मी उत्साहाने विचारले, "हे दुसऱ्या गावचे ना?"

"नाही काका," तो म्हणाला, "तुमच्याच विहिरीतले. गेल्या वर्षी इथूनच नेऊन आमच्या हौदात वाढवले."